फळ्यावरची चौथी बातमी

(मंडळाच्या गणेशोत्सवात पाचव्या दिवशी आरतीनंतर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळानं निरोप पाठवला, ‘शाळेबद्दल चार शब्द बोला.’ आम्ही म्हणजे कोण, हे आधी सांगायला हवं. गावातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेचे काही माजी विद्यार्थी, काही पालक आणि त्याच शाळेतून निवृत्त झालेले दोन गुरुजी, एवढेच आम्ही. आमची संस्था नाही, नोंदणी नाही, पावतीपुस्तकही नाही. बोलायला एक जण उभा असला तरी हे सगळ्यांनी मिळून लिहून काढलेलं आहे. चुकलं तर सगळ्यांचंच चुकलं असं समजा.

सोबत दोनशे पानी तीन वह्या आणल्या आहेत. शाळेच्या फळ्यावर रोज जी बातमी लिहिली जाते, ती आम्ही या वह्यांत उतरवून ठेवतो. आजचं बोलणं या वह्यांतूनच आहे.

आपल्यापैकी जे या शाळेत शिकले त्यांना परिपाठ आठवत असेल. प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली की एक मुलगा पुढे यायचा आणि बातम्या सांगायचा. बातम्या चार. पहिली जगाची, दुसरी देशाची, तिसरी आपल्या भागाची आणि चौथी शाळेची. पहिल्या तीन सोप्या. घरी ‘तरुण भारत’ किंवा ‘पुढारी’ येत असेल तर त्यातून उतरवायच्या. पेपर येत नसेल तर न्हाव्याच्या दुकानात जाऊन वाचायचा, नाहीतर सकाळी रेडिओला कान लावायचा. चौथी बातमी मात्र कुठल्याच पेपरात नसायची. ती ज्याची त्यानं शोधून आणायची. शोधायची म्हणजे मधल्या सुट्टीत डोळे उघडे ठेवून फिरायचं, चार जणांना विचारायचं आणि खरी आहे की नाही याची खात्री करून घ्यायची. खोटी निघाली तर गुरुजी सगळ्यांसमोर विचारायचे, ‘तू स्वतः बघितलंस का?’

त्या बातम्या कसल्या असायच्या? चौथीतल्या एकाच्या घरची म्हैस व्याली, उद्या वर्गाला खरवस आहे. विहिरीवरचा रहाट दुरुस्त झाला. सहावीतल्या मुलीनं पाढे तीसपर्यंत न चुकता म्हटले. मोठ्या गुरुजींची सायकल पंक्चर आहे, म्हणून ते आज चालत आले. आम्ही हसायचो. पण घरी गेल्यावर आई विचारायची, ‘आज शाळेत काय झालं?’ आणि आम्ही तीच बातमी सांगायचो. आई ती शेजारणीला सांगायची. संध्याकाळपर्यंत मोठ्या गुरुजींची सायकल पंक्चर आहे हे बाजारपेठेला माहीत असायचं आणि सायकल दुकानवाला दुसऱ्या दिवशी आपणहून शाळेत हजर असायचा. शाळा आणि गाव यांचं नातं म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. ते आम्ही असं बघितलं.

आपली घरं इथं पिढ्यान्‌पिढ्यांची. कुणी व्यापारासाठी आलं, कुणी मठामुळे, कुणी शेतीवाडीमुळे. आपला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता तेव्हाची शाळा आमच्या वडिलांनी पाहिली. तिला ते ‘बोर्डाची शाळा’ म्हणत. सातवीच्या फायनलला ‘मुलकी’ म्हणत. मुलकी पास झालेला माणूस गावात शिकलेला समजला जाई. त्यातूनच कुणी शिक्षक झाले, कुणी तलाठी, कुणी दुकानाच्या वहीवर बसले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. बाकं तीच, फळा तोच, गुरुजी तेच. पुस्तकं छापणारं सरकार बदललं, तपासणीला येणारे साहेब बदलले, हळूहळू कानडीचा तास आला.

गंमत अशी की या सगळ्यापेक्षा आम्हा मुलांना जास्त जाणवला तो सुट्टीचा फरक. गडहिंग्लज इथून हाकेच्या अंतरावर. तिथल्या मामाच्या मुलांना मोठी सुट्टी दिवाळीत आणि आमची मोठी सुट्टी दसऱ्याला. आम्ही मामाकडे गेलो तर ती शाळेत, आणि ती इकडे आली तर आम्ही शाळेत. आंबोलीत उगम पावलेली हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज करत आपल्या गावात येते. तिला कुठं नाका लागत नाही. आम्हाला मात्र सुट्टीचा नाका लागला. तरी आम्ही वाढलो ते दोन्ही भाषांच्या अंगणात. घरात मराठी, बाजारात कानडी. आपण ‘शाळा’ म्हणतो, शेजारचे ‘साली’ म्हणतात, आणि मुलं दोन्ही म्हणतात. मिरचीच्या बाजारात भाव विचारताना कुणाची भाषा कुठली, हे कुणी विचारलेलं आम्हाला तरी आठवत नाही.

त्या वेळची शाळा गावाच्या खांद्यावर उभी होती. पावसाळ्याआधी कौलं शाकारायला पालकच वर चढायचे. पंधरा ऑगस्टच्या प्रभातफेरीत मुलांना गूळ-शेंगदाणे कोण देणार, यावर दुकानदारांत प्रेमाची भांडणं व्हायची. लेझीम बसवायला तालमीतला पैलवान यायचा. गणपतीत मंडपाचा एक दिवस शाळेच्या मुलांचा असे. नाट्यछटा, गाणी, पाठांतर. त्या दिवशी मंडपात बसायला जागा नसे, कारण प्रत्येक घरातलं कुणीतरी मंचावर असायचं.

आता आजचं बोलू. गोडगोड आठवणी सांगून खाली बसलो तर टाळ्या मिळतील, पण तो आमचा हेतू नाही.

शाळेचा पट वर्षानुवर्षं खाली आला. कारणं आपल्याला ठाऊक आहेत. इंग्रजी माध्यमाच्या शाळा आल्या. सकाळी दारात पिवळी गाडी येते, गळ्यात टाय, पायात बूट. आपल्या मुलानं मागं पडू नये असं कुणाला वाटत नाही? इथं बोट दुसऱ्याकडे दाखवायचं नाही. आमच्यापैकी निम्म्यांची नातवंडं त्याच पिवळ्या गाडीतून जातात. शाळेच्या ओसरीवर उभं राहून मातृभाषेवर भाषण करायचं आणि घरी येऊन नातवाची इंग्रजी कविता कौतुकानं ऐकायची, हे आम्ही केलेलं आहे. म्हणून कुणी कुठं मूल घालावं हे सांगायचा अधिकार आम्ही घेत नाही. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानंही ६ मे २०१४ ला आपल्याच राज्याच्या खटल्यात निकाल दिला की प्राथमिक शिक्षणाचं माध्यम सरकार लादू शकत नाही, ती निवड पालकांची. ठीक आहे. निवड पालकांची. पण निवड करायची तर दोन्ही बाजूंची माहिती हवी. आणि इथंच आमच्या ध्यानात एक गोष्ट आली.

२०१७ सालचा जून. शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. बाजारात कुणीतरी म्हटलं, ‘मराठी शाळा यंदा बंद होणार, मुलं दुसरीकडे हलवणार.’ कोण म्हणालं, कधी म्हणालं, पत्ता नाही. चहाच्या टपरीवरून ते दळणाच्या गिरणीत गेलं, गिरणीतून घराघरांत. चार दिवसांत पाच पालक दाखला मागायला शाळेत आले. गुरुजींनी विचारलं, ‘का हो, काय झालं?’ ते म्हणाले, ‘शाळा बंद होणार म्हणे. मधल्या वर्षात पोराला घेऊन कुठं फिरायचं?’

शाळा बंद करायचा कसलाही कागद आलेला नव्हता. पण पाच मुलं गेली असती तर पट आणखी घसरला असता आणि उद्या खरंच कागद यायची वेळ आली असती. म्हणजे अफवेनं आपणच स्वतःला खरं करून घेतलं असतं.

आम्ही त्या पाचही घरी गेलो. भांडायला नाही, विचारायला. तेव्हा कळलं की त्या लोकांच्या मनात शाळेबद्दल काही वाईट नव्हतं. त्यांना शाळेची काही खबरच नव्हती. नवीन बाई आल्या आहेत हे माहीत नव्हतं. पाचवीच्या मुलानं तालुक्याच्या प्रतिभा कारंजीत कथाकथनाचं बक्षीस आणलं हे माहीत नव्हतं. एका घरच्या आईनं सरळ विचारलं, ‘तुम्ही आज पहिल्यांदा आलात. इतके दिवस कुणी काही सांगितलं नाही. बाजारातल्या माणसानं तरी सांगितलं.’ त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. जिथं खरी बातमी जात नाही तिथं खोटी जाते. पाचांपैकी तिघांनी दाखला घेतला नाही. दोघांनी घेतला, त्यांचंही काही चुकलं नाही.

चौथी बातमी परिपाठात अजून सांगितली जात होती. पण ती ऐकणारी मुलं कमी झाली होती आणि घरी जाऊन सांगायची सवयही उरली नव्हती. फळा होता आत, ओसरीच्या भिंतीला. मग मोठ्या बाईंशी बोलून आम्ही एक साधं काम केलं. फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, भिंतीवर एक चौकोन गुळगुळीत करून काळा रंग दिला. वर पत्र्याची पडवी काढली. खर्च म्हणाल तर रंगाचा डबा, थोडं सिमेंट आणि गवंडीकाम करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याची अर्ध्या दिवसाची मजुरी, तीही त्यानं घेतली नाही. तेव्हापासून चौथी बातमी त्या फळ्यावर जाते. सहावी-सातवीची मुलं पाळीपाळीनं लिहितात. वर मराठीत, खाली तीच कानडीत. कानडीतल्या चुका समोरच्या किराणा दुकानाचे मालक दुरुस्त करतात. ते घरी कानडी बोलणारे, त्यांची मुलं या शाळेत कधी नव्हती. पण सकाळी दुकान उघडलं की आधी फळा वाचतात आणि मुलाला हाक मारून सांगतात, ‘तम्मा, इथं काना राहिला बघ.’

वहीतल्या काही बातम्या वाचून दाखवतो.

‘आज बिसियूटच्या सांबारात शेवग्याच्या शेंगा होत्या. शेंगा तिसरीतल्या मुलीच्या आजोबांनी दिल्या.’

‘नळ गळतो आहे. टाकी दुपारपर्यंत रिकामी होते.’ ही बातमी सोमवारी लिहिली. मंगळवारी एक प्लंबर येऊन वायसर बदलून गेला. बुधवारी मुलांनी लिहिलं, ‘नळ गळत नाही. काकांचे आभार.’

‘ऊसतोडणीला आलेल्या दोन मुली आजपासून आमच्याबरोबर बसतात. त्यांना झाडावरच्या चिमण्यांचं गाणं येतं.’

‘दुसरीतला एक मुलगा आज पहिल्यांदा अख्खं पुस्तक एकट्यानं वाचून संपवलं म्हणाला. बाईंनी मधलं पान उघडून वाचायला सांगितलं. त्यानं वाचलं.’

हे ऐकायला किरकोळ वाटेल. पण वर्ष-दोन वर्षांनी आम्हाला त्याचा उपयोग कळला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हिरण्यकेशीचं पाणी गावात शिरलं, आपण सगळ्यांनी ते भोगलं. महामार्ग बंद, पेपर नाही, मोबाईलला रेंज नाही. नदीकाठच्या काही कुटुंबांची सोय शाळेच्या वर्गांत झाली. त्या दिवसांत फळ्यावर एवढंच लिहिलेलं असायचं. आत किती माणसं आहेत, कशाची गरज आहे, कशाची नाही. एक दिवस लिहिलं होतं, ‘भाकरी पुरेशा आहेत. लहान मुलांचे कोरडे कपडे हवेत.’ दोन तासांत कपड्यांची गाठोडी आली, आणि त्यावर जादा भाकरी आल्या नाहीत, वाया गेल्या नाहीत. लोकांनी फळ्यावर विश्वास ठेवला, कारण त्यावर दोन वर्षं रोज खरं लिहिलेलं होतं. नळ गळतो तर गळतो, थांबला तर थांबला.

मग २०२० चा मार्च आला आणि शाळाच बंद झाल्या. ऑगस्टमध्ये ‘विद्यागम’ सुरू झालं. शिक्षकांनी वस्तीवस्तीत जाऊन, देवळाच्या ओवरीत, कट्ट्यावर, झाडाखाली चार-चार मुलांना बसवून शिकवायचं. आज कुठला गट कुठं बसणार, हे त्याच फळ्यावर लिहिलं जायचं. सगळ्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हते, पण फळ्यावरून जाणारं कुणीतरी प्रत्येक घरात होतं. ते काही आठवडेच चाललं. तरी त्या काळात आमची सगळी मुलं शाळेला धरून राहिली, याचं श्रेय आम्ही बाईंना आणि गुरुजींना देतो. फळ्यानं फक्त निरोप पोचवला.

आता आमची चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय हे बोलणं खरं होणार नाही.

शाळा पुन्हा सुरू झाल्यावर काही मुलं वरचेवर गैरहजर राहू लागली. आमच्यापैकी कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की गैरहजर मुलांची नावं बाहेरच्या फळ्यावर लिहू, म्हणजे पालकांना लाज वाटेल आणि ते मुलांना पाठवतील. बाईंना ते पटलं नव्हतं. पण आम्ही वयानं मोठे, त्या गप्प बसल्या. नावं लिहिली. दुसऱ्या दिवशी एका मुलीची आई फाटकाशी येऊन उभी राहिली. आत यायला तयार नव्हती. म्हणाली, ‘मालक तीन महिने अंथरुणाला खिळून आहेत. मी मिरचीच्या देठ खुडायला जाते. धाकट्याला कुणी बघायचं? म्हणून ती राहते घरी. आता तिचं नाव सगळ्या बाजारानं वाचलं.’ एवढं बोलून ती पदर डोळ्याला लावून निघून गेली.

आम्ही नावं पुसली. पण पुसलेलं वाचलेल्यांच्या डोक्यातून पुसता येत नाही. त्या संध्याकाळी आम्ही तिच्या घरी जाऊन माफी मागितली. धाकट्याला अंगणवाडीत घालायची सोय झाली आणि मुलगी परत यायला लागली. पण सहज नाही आली. आठवडाभर ती फळ्याकडे न बघता आत जायची. त्यानंतर आम्ही फळ्याचे नियम ठरवले आणि ते आतल्या बाजूला चिकटवले. मुलाची कमी कधीही लिहायची नाही. घरची अडचण लिहायची नाही. देणगीदाराचं नाव मुलांच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात लिहायचं नाही. आणि बाई नको म्हणाल्या तर नको. शेवटचा नियम आमच्यासाठी आहे.

हे सगळं तुम्हाला का सांगतो आहे? आपल्याला वाटतं, शाळा टिकवायची म्हणजे कायदा हवा, मोर्चा हवा, नाहीतर मोठी देणगी हवी. कायदा आहे. १९५६ सालीच सातव्या घटनादुरुस्तीनं ३५० अ हे कलम आलं. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकायची पुरेशी सोय राज्यानं करावी, असं ते सांगतं. त्याच्याही आधी, १९४९ च्या ऑगस्टमध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत आकडा ठरला होता. शाळेत त्या भाषेची चाळीस मुलं किंवा एका वर्गात दहा मुलं असली तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. म्हणजे हक्क कागदावर असला तरी शेवटी मुलं मोजली जातात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही, जिथं शक्य आहे तिथं निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. ‘जिथं शक्य आहे तिथं’ हे शब्द नीट ऐका. शक्य करणारे आपण.

काही जण विचारतात, मराठीत शिकून मुलाचं कानडी कच्चं राहील, मग इथं नोकरी-धंदा कसा करणार? हा प्रश्न बरोबर आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. २०१५ च्या कायद्यानुसार २०१७-१८ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं सगळ्याच शाळांत कानडी शिकवणं सक्तीचं झालं. आपली मुलं मराठी, कानडी आणि इंग्रजी, तिन्ही शिकतात. ज्या मुलाला आपल्या भाषेत वाचलेलं समजतं, ते दुसरी भाषा लवकर उचलतं. हे आमच्या दोन गुरुजींनी वर्गात उभं राहून पाहिलेलं आहे. फळ्याच्या खालच्या ओळी लिहिणारी मुलं आज कानडी दुकानदाराशी वाद घालतात की काना इथं नको, तिथं हवा. कानडी आपल्या मुलांची परकी भाषा नाही आणि ती शिकून मराठी कमी होत नाही.

तर आमचं मागणं काय? पैसे नकोत. म्हणजे छताची दुरुस्ती निघेल तेव्हा येऊच, पण आज नकोत. आज चार गोष्टी मागतो.

एक. शाळेवरून जाताना फळा वाचा. थांबून वाचा. मुलं आतून बघत असतात की कोण वाचतं.

दोन. महिन्यातून एक दिवस कुणीतरी परिपाठाला या. भाषण करायला नाही. तुमच्या धंद्याची एक बातमी मुलांना सांगायला. कारखान्याचं गाळप कधी सुरू होतं, मिरचीचा भाव का पडला, शिवणयंत्राचा पट्टा का तुटतो. मागच्या वर्षी एका आजीनं कारहुणवीला बैलांच्या शिंगांना रंग कसा लावतात ते सांगितलं. मुलांनी त्या दिवशीची चौथी बातमी म्हणून तेच लिहिलं.

तीन. शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या बैठकीला पालकांनी यावं. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यात शाळेच्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात असं म्हटलं आहे. सही करायला माणसं मिळतात, बसायला मिळत नाहीत. ज्या आयांना वाटतं आपण शिकलेल्या नाही, त्यांनी आधी यावं. नळ गळतो हे बघायला शिक्षण लागत नाही.

चार. हे शेवटचं, आणि जरा जपून सांगतो. तुमच्या घरात पुढच्या मे महिन्यात मुलाचं नाव कुठं घालायचं हे ठरेल. ठरवण्याआधी एक सकाळ शाळेत येऊन बसा. पहिलीचा वर्ग बघा. बाई कशा बोलतात ते ऐका. मग जो निर्णय घ्याल तो तुमचा. इंग्रजी शाळेत घातलंत तरी आम्ही रागावणार नाही. पण बघितल्याशिवाय, नुसतं ‘ती शाळा बंद होणार आहे’ असं ऐकून ठरवू नका. आणि असं वाक्य कानावर आलं तर पुढे सांगण्याआधी आमच्या गुरुजींचा प्रश्न स्वतःला विचारा, ‘तू स्वतः बघितलंस का?’

यंदा पहिलीत नऊ मुलं आहेत. गेल्या वर्षी सहा होती. नऊचे दहा व्हावेत असं आम्हाला वाटतं. दहाव्या मुलामुळे सरकार काही लगेच बदलणार नाही. पण नऊ जणांत खो-खोचा एक गट पुरा बसतो आणि गिनती करायला, नाहीतर नुसतं हसायला कुणी उरत नाही. हे आमचं म्हणणं नाही. पहिलीतल्याच एका मुलानं बाईंना सांगितलं आणि ते फळ्यावर गेलं.

मंडळानं यंदा एक गोष्ट केली, त्याबद्दल मनापासून आभार मानतो. उद्याचा, सहावा दिवस, बऱ्याच वर्षांनी पुन्हा शाळेच्या मुलांना दिला. संध्याकाळी सात वाजता याच मंडपात पाठांतर, दोन गाणी आणि एक छोटी नाटिका आहे. नाटिकेचा विषय मुलांनीच निवडला, ‘नळ’. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या आपल्या नातवंडांनाही घेऊन या. त्यातली दोघं नाटिकेत आहेत. शेजारचीच मुलं, संध्याकाळी तालमीला यायला लागली, आम्ही कुणाला कुठली शाळा म्हणून विचारलं नाही.

शेवटी आज सकाळची चौथी बातमी वाचून थांबतो. सातवीतल्या मुलीनं लिहिली आहे. हीच ती मुलगी, जिचं नाव आम्ही एकदा चुकीच्या कारणानं फळ्यावर लिहिलं होतं. आज तिनं विचारलं, लेखिकेचं नाव बातमीखाली घालू का? बाई म्हणाल्या, घाल. फळ्यावर ते आहे. इथं सांगत नाही, जाऊन वाचा. बातमी अशी आहे.

‘उद्या आमचा कार्यक्रम आहे. सगळ्यांनी यावे. माझा धाकटा भाऊ आता पहिलीत आहे. तो उंदीर झाला आहे.’

गणपती बाप्पा मोरया!